मधून गेलेले चेंडू

"वहिनी आकडा बोलल्या ना, की बॉल बरोबर मधून जातो," कौशिक कुरकुरला. गजेंद्र म्हणाला, "गप."

दोघं पाण्याच्या निळ्या कूलरच्या पलीकडे उभे होते आणि शुभदा अलीकडे, वाकून, टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारत होती. त्यांना ती दिसली नसावी. कुरकुरीचं तिला काही नवल नव्हतं. आपल्याला सगळी टीम पनवती समजते हे तिला गेल्या मोसमापासूनच ठाऊक होतं, आणि पन्नाशीच्या बाईला चारचौघांत एखादं तरी बिरुद असावं म्हणून तिनं ते लावूनही घेतलं होतं. आज सकाळी येतानाच कौशिकनं मागच्या सीटवरून हात जोडले होते, की वहिनी, आज फायनल आहे, आज तेवढं ज्योतिष मनातल्या मनात. तिनं गाडी चालवता चालवता मान डोलावली होती. त्यामुळे आत्ताचं वाक्य तिला लागलं नाही. लागलं ते 'गप'. गप म्हणण्याच्याही तऱ्हा असतात. पोराला दटावायचं गप वेगळं, थट्टेखोराला हसत म्हणायचं वेगळं. गजेंद्रचं गप आजाऱ्याच्या खोलीबाहेर कुणी मोठ्यानं बोललं की म्हणतात तसलं होतं. ती सरळ झाली, खुर्चीत बसली, लॅपटॉप उघडला, आणि 'मधून' हा शब्द दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा तिच्या जिभेला लागत राहिला. आकडा बोलल्यावर मॅच जाते असं म्हणाला असता तर ठीक. बॉल मधूनच का जावा?

जानेवारीतला शुक्रवार होता, हवा अशी की उन्हात बसावंसं वाटावं. मस्कतजवळच्या रुसैलच्या कारखान्यांमागचं हे खडीचं मैदान, त्याच्याही मागे भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर, आणि कडेला कामगारांना घेऊन आलेल्या दोन बसेस, ज्यांच्या सावलीत प्रेक्षक बसले होते. समोर सोहारहून आलेली फिलिपिनो पोरं, अंगात पिवळ्या जर्सी, सॉफ्टबॉल त्यांच्या हाडात. इकडे पाईपच्या कारखान्याची टीम, बरीचशी मराठी, कारण ती शुभदाच्या नवऱ्यानं, रविकांतनं, उभी केली होती. अमरावती विद्यापीठाचा एके काळचा पिचर तो, चेंडू टाकणारा. आपल्या भागातली पोरं कारखान्यात लागली की पहिल्या शुक्रवारी त्यांच्या हातात ग्लव्ह द्यायचा. गजेंद्र त्याचाच गाववाला आणि कॅचर, बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा; कौशिक पुण्याचा. अंपायर हुसैनमियाँ रत्नागिरीचे. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की जुम्म्याच्या नमाजाआधी मॅच खलास झाली पाहिजे, तेव्हा यल्ला, चला, उगाच टाइम मागू नका.

शुभदाचं स्कोअरचं टेबल कॅचरच्या मागे, जाळीच्या पलीकडे. तिला ही जागा आवडे. ती जळगावच्या शाळेत होती तेव्हा जिल्ह्याकडून कॅचर म्हणून खेळली होती, आणि तेव्हाच तिला कळलं होतं की आख्ख्या टीममध्ये मैदानाकडे तोंड करून बसलेला माणूस एकच. बाकी आठ जण त्याच्याकडे बघतात, तो त्या आठांना बघतो. लग्नानंतर ग्लव्ह माळ्यावर गेला, माळा विकला गेला, मस्कत आलं, घुब्रातला फ्लॅट आला, अंतरा झाली, शाळेचे डबे, गणपतीच्या आरास समितीचं राजकारण, आणि मग एका ऑगस्टमध्ये अंतरा मिशिगनला शिकायला निघून गेली. त्यानंतरच्या सकाळी शुभदा सहाला उठून चहा करायची आणि काय करायचं हे न कळून फोन उघडायची. अमेरिकेतली रात्रीची मॅच मस्कतच्या सकाळी चालते हा शोध तिला असा लागला. मॅच बेसबॉलची, आपल्या सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ. पण तिची नजर खिळली ती स्क्रीनच्या खालच्या रेघेवर. चेंडूगणिक ती रेघ वर-खाली व्हायची. आता हे जिंकण्याची शक्यता चौसष्ट टक्के. आता एक माणूस बाद झाला, अठ्ठावन्न. आता कुणीतरी धावत दुसऱ्या बेसवर पोचला, सत्तर. तिनं चहा गार होऊ दिला. आजवरच्या आयुष्यात काय चाललंय हे तिला नेहमी सगळं उरकल्यावर कळलं होतं, आणि इथं कुणीतरी दर क्षणाला सांगत होतं की या घटकेला तुम्ही नेमके कुठे आहात. तिच्या अंगावर काटा आला होता. मंगलाष्टकं चालू असताना कुणी कानात असं सांगितलं असतं तर, असं मनात येऊन तिला एकटीला हसूही फुटलं होतं.

बी.ए. मराठी झालेल्या बाईनं हे शिकायचं म्हणजे आधी अपूर्णांकांपासून सुरुवात. ती केली. चेन्नईच्या एका प्राध्यापकाचे व्हिडिओ मागे नेऊन नेऊन पाहिले. अंतरा फोनवर अडखळत म्हणायची, आई, हे प्रॉबॅबिलिटी आहे, फ्यूचर सांगत नाही ते. शुभदा म्हणायची, मला कळतंय गं, तुझ्या बाबाच्या टीमला सांग. कारण टीमला काही केल्या पटत नव्हतं. आकड्याचा अर्थ इतकाच, की हाच डाव, एवढेच रन, बेसवर एवढीच माणसं, असं शंभरदा झालं असतं तर कितीदा आपण जिंकलो असतो. पण ब्याण्णव ऐकलं की ही मंडळी पेढे आणायला निघत. पहिल्या वर्षी तर तिनं घोडचूकच केली: अमेरिकन बेसबॉलचे तक्ते जसेच्या तसे आपल्या खडीवर लावले. तिकडे नऊ इनिंग, इकडे सात. तिकडे गवत, इकडे चेंडू दगडावर आपटून कुठंही उडतो. ब्याण्णव म्हणाली आणि हरले. तिथूनच पनवतीचा जन्म. मग तिनं लीगचे जुने स्कोअर मिळवले, कपाटातून, ईमेलमधून, एका फिलिपिनो काकांच्या बसच्या डिकीतून. ते फार थोडे होते, तेव्हा मोठ्या आकड्यांचं दूध घेऊन त्याला आपल्या आकड्यांचं विरजण लावलं. आणि एके दिवशी दही लागलं. आता इतर टीमांच्या मॅचेसमध्ये ती सत्तर म्हणाली की खरंच दहातल्या सात टीमा जिंकत. आपली टीम सोडून. आपल्या टीमच्या बाबतीत तिची रेघ नेहमी थोडी जास्त वर असायची. कुठूनतरी गळत होतं. टाकी भरलेली दिसावी, नळ सगळे बंद असावेत आणि सकाळी पाणी कमीच असावं, तसं. तिनं बॅटिंग तपासली, ऊन तपासलं, गुरुवारच्या बिर्याणीवरसुद्धा संशय घेतला. गळती सापडली नव्हती. टीमनं मात्र ती केव्हाच शोधली होती आणि तिचं नाव शुभदा होतं.

पहिल्या दोन इनिंग बऱ्या गेल्या. रविकांतचा हात तसाच फिरत होता, कमरेखालून, रहाटासारखा, आणि चेंडू गजेंद्रच्या ग्लव्हमध्ये थाप मारत होता. या आवाजावर शुभदा एके काळी भाळली होती. अजूनही तो ऐकला की तिची बोटं लॅपटॉपवर थांबायची, हे ती कुणाला सांगणार नव्हती. तिसऱ्या इनिंगमध्ये पिवळ्या जर्सीतल्या एकानं चेंडू सरळ परत मारला, जिथून आला तिथेच, जमिनीलगत, फार जोरातही नाही. रविकांतच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावरून तो गेला. रविकांत हलला नाही. चेंडू गेल्यावर तो वळला, तो आवाजाकडे. आणि शुभदाला दिसलं की कौशिक, ज्याची जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, तो आधीच रविकांतच्या पाठीमागे येऊन उभा होता. असा आधीच, की जणू त्याची तीच जागा होती. त्यानं झेप घेतली, चेंडू बोटांना लागून निसटला. त्याच्या मूळ जागी मोठं भगदाड मोकळं पडलेलं होतं. पुढच्याच चेंडूवर सोहारवाल्यांनी त्या भगदाडातून रन काढला.

मग तिला आणखी एक गोष्ट दिसली, जी ती वर्षभर पाहत आली होती आणि जी तिनं एकदाही पाहिली नव्हती. चेंडू झेलला की कॅचर तो पिचरकडे परत फेकतो, जगात सगळीकडे फेकतो, तीही फेकायची. गजेंद्र फेकत नव्हता. तो उठायचा, खडीतून चालत रविकांतपर्यंत जायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि चेंडू त्याच्या हातावर ठेवायचा, प्रसाद ठेवावा तसा. दर वेळी. हुसैनमियाँ नमाजाची घाई असूनही घड्याळ न बघता दुसरीकडे बघायचे. शुभदानं हे इतके महिने गजेंद्रचं गुडघ्याचं दुखणं म्हणून, कधी डावपेच म्हणून, कधी नुसता गजेंद्र म्हणून सोडून दिलं होतं. तिची बोटं आपोआप चालायला लागली. मोसमभर पडलेला प्रत्येक चेंडू कुठे गेला याचे ठिपके तिच्याकडे होते. तिनं फक्त मधले मागितले, पिचरच्या अंगावर आलेले. दुसऱ्या टीमांचे पिचर त्यातले निम्मे तरी अडवत होते. रविकांतच्या नावापुढे ठिपक्यांची एक सरळ पांदण उमटली, दोन बांधांमधून बैलगाडी जावी तशी; त्यातला एकही चेंडू अडलेला नव्हता. आणि त्याचे स्ट्राइक, म्हणजे नेमके टाकलेले चेंडू, तपासले तर ते गेल्या वर्षीइतकेच. हात शाबूत होता. जाणारा चेंडू शाबूत होता. येणारा नव्हता.

सापडलं, असं तिला वाटलं. सगळ्यात आधी तिला तेवढंच वाटलं, आणि ते वाटणं इतकं गोड होतं की तिनं टेबलाची कड धरली.  तिनं पांदणीचे चेंडू हिशेबात वेगळे धरले, कौशिकनं सोडलेली जागा धरली, आणि मोसमातल्या एकेक मॅचची रेघ थोडी थोडी खाली येऊन जिथं असायला हवी तिथं बसली, जड दागिना मखमलीच्या खाचेत बसावा तशी. वर्षभर रुतलेला काटा निघाला होता. उठून कुणाला तरी सांगावं, अंतराला फोन करावा, त्या चेन्नईच्या प्राध्यापकाला कळवावं. ती खरंच अर्धी उठली. आणि मग, उशिरा, जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय पडावा आणि ती नसावी, तसं तिला कळलं की आपल्याला नेमकं काय सापडलंय.

मग मात्र सगळे ठिपके घरातलेच निघाले. फोन वाचताना हल्ली तो मान तिरकी करतो, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. तिनं तशी नक्कलही करून दाखवली होती आणि तो हसला होता. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावतो. पावसाळ्यात पुण्याहून परतल्यापासून गाडीची किल्ली तिच्याकडे. तुला हायवेची सवय व्हायला हवी, म्हणाला, आणि तिला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याचा आपल्यावर विश्वास बसला. आणि सूर, ते समुद्रकाठचं गाव. डिसेंबरात दोघं सूरला गेली होती, लाकडी जहाजं बांधतात तो धक्का बघायला. एक म्हातारा सुतार, अंगभर भुसा, रविकांतच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला, काही छानसं अरबीत म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. रविकांत त्याच्यातून आरपार जहाजाकडे बघत राहिला. हात तसाच राहिला आणि मग म्हाताऱ्यानं तो आपल्या छातीवर ठेवून घेतला. परतीच्या सबंध वाटेवर तिनं गाडी चालवत त्याला फैलावर घेतलं होतं: एवढी माणुसकी नाही का, साहेबी शिरली का अंगात. तो म्हणाला होता, चुकलंच माझं, दमलो होतो गं. तो सगळी बोलणी खाऊन बसला होता. उद्धट ठरणं त्यानं पत्करलं होतं. शुभदाला आता, या उन्हात, मॅच चालू असताना, त्या म्हाताऱ्याचा हात स्वच्छ दिसला, अंगठ्याजवळच्या भेगांसकट, आणि आपला आवाजही ऐकू आला.

का सांगितलं नसेल ते विचारायची गरज नव्हती. कारखान्यात तो वेल्डिंग तपासतो. पाईपचा सांधा डोळ्यानं बघून पास करायचा, हेच त्याचं काम, हाच त्यांचा व्हिसा, अंतराची फी. मार्चमध्ये करार नवा व्हायचा आणि त्याआधी डोळ्यांची तपासणी. गजेंद्र तिथंही त्याच्या शेजारीच असतो. तिथंही तो चालत जाऊन काय काय हातावर ठेवत असेल? म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कौशिकला, हुसैनमियाँना, बहुधा सोहारच्या पोरांनाही, कारण तेही हल्ली मुद्दाम मधून मारायचा प्रयत्न करत नव्हते असं तिला आता वाटायला लागलं. निदान आजवर नव्हते. एका माणसाला कळू नये की आपल्याला कळलंय, म्हणून अख्खं मैदान वाकडं उभं राहत होतं आणि हरत होतं, आणि हरण्याला कारण हवं म्हणून बाईचा आकडा. तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिला त्या गाढवांच्या गालांवरून हात फिरवावासा वाटला. पण गालांवरून हात फिरवून चेंडू थांबत नाही. सॉफ्टबॉल म्हणतात, सॉफ्ट त्यात काही नसतं. दगड असतो तो, कातडं शिवलेला. आजवर सगळे जमिनीलगत गेले होते. ठिपके कितीही गोळा केले तरी पुढचा किती उंचीवरून येईल हे त्यात नसतं.

आणि मॅच तर पेटली होती. पाचव्या इनिंगला बरोबरी, सहाव्यात गजेंद्रनं असा फटका मारला की चेंडू बसच्या टपावर वाजला, दोन रन, बसच्या सावलीतली माणसं उठून उन्हात आली, कुणी पत्र्याचा डबा बडवायला लागलं. शुभदाची रेघ त्र्याऐंशीवर चढली आणि तिचं मन, लाज सोडून, तिच्यासोबत चढलं. असंही होतं का माणसाचं? आतून काळीज तुटतंय आणि डोळे रेघेवर नाचताहेत? होत होतं. शेवटच्या इनिंगला सोहारवाले बॅटिंगला आले. दोन बाद झाले. मग एकाचा फटका पांदणीतून गेला, दुसऱ्याचा कौशिकनं सोडलेल्या भगदाडातून, तिसऱ्याचाही तिथूनच; एक रन आला, आघाडी एकच उरली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पिवळ्या जर्सीतले दोघं पाय खाजवत उभे राहिले. एक बाद मिळाला तर कप आपला. एक फटका बसला तर त्यांचा. तक्ता म्हणाला, बहात्तर.

बॅट घेऊन आला तो त्यांचा कॅप्टन, मानेचा पत्ता नसलेला, दंड खांबासारखे. तो फटका उचलतो, आणि सरळ उचलतो. शुभदाकडे त्याचेही ठिपके होते. तो आज मुद्दाम टाळणार नव्हता, फायनलला कोण टाळेल, आणि टाळावं असं त्याला कुणी सांगितलेलंही नव्हतं. रविकांतनं हात मागे नेला. ताठ, देखणा उभा होता तो, तिरकी मान सोडली तर विद्यापीठातल्या फोटोत आहे तसा. शुभदा उभी राहिली, आणि स्कोअरला बसलेल्या माणसाला जी एकच गोष्ट करता येते ती तिनं केली. दोन्ही हात वर केले. "अंपायर, टाइम. हिशेब जुळत नाही."

हुसैनमियाँ वैतागले, भाभी, अजान होईल आता, म्हणाले, पण स्कोअरचा टाइम द्यावाच लागतो. रविकांत खडीतून चालत आला. त्याच्या मागोमाग गजेंद्र, कौशिक, सगळे बेसवाले, दाटीवाटीनं, त्याला कशाची ठेच लागू नये अशा अंतरावर. जाळीपाशी येऊन तो हसला. किती चुकलंय, एक रन की दोन, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, रन बरोबर आहेत, टक्के चुकलेत. कौशिकनं डोक्याला हात लावला.

"किती दाखवतंय?" रविकांत म्हणाला.

"बहात्तर. पण ते खोटं आहे." लोकांसमोर ती त्याला अहो म्हणायची, आता ते तिच्या तोंडात आलं नाही. "मधून आलेला एकही चेंडू तू या मोसमात अडवलेला नाहीस, रवी. एकही नाही. दुसऱ्या कुणी टाकलं तर मी आत्ता पासष्ट सांगेन, आणि ते खरं असेल. तुझा आकडा मला सांगायचा नाहीये."

"वहिनी, जाऊ द्या न बाप्पा," गजेंद्र हळूच म्हणाला. "एकच तर बाद पाहिजे."

 बसकडे डबा वाजत होता तो थांबला. सोहारचा कॅप्टन बॅट खांद्यावर टाकून लांबूनच बघत होता. शुभदानं जाळीतून बोटं बाहेर काढली, पण रविकांतनं ती धरली नाहीत. त्याला ती दिसली नसावीत. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि मग मान हळूहळू एका बाजूला वळवली, तिचा चेहरा डोळ्याच्या कडेला सापडेपर्यंत. तो सापडल्यावर तिथंच थांबला. आवाज नेहमीचाच होता, मीठ कमी आहे सांगावं तितका साधा, आणि तो एकट्या तिच्याशी नाही, सगळ्यांशी बोलला.

"हातातून सुटतो तोवर ठीक असतं. परत येतो तो मला दिसत नाही."